किती फुटतात?

तीन विद्यापीठं.
तिन्ही नावं आईने चुलीमागच्या भिंतीवर
माझ्या जुन्या स्केचपेनने लिहायला लावली,
मोबाइलमधलं तिला उन्हात दिसत नाही म्हणून.
पहिल्यापुढे मी लिहिलं: नाव मोठं.
दुसऱ्यापुढे: होस्टेलचा भरवसा नाही.
तिसऱ्यापुढे काही सुचलं नाही.
"इथं काहून रिकामं?" आई म्हणाली.

बोरकुटे सर म्हणाले, पहिलंच घे, विचार कसला करतेस.
सरांनी तीन वर्षं डीएनए फळ्यावर शिकवला,
लाल खडू, पांढरा खडू, एकमेकांभोवती वळत गेलेले.
आणि कोपऱ्यात पीसीआर मशीन,
तिच्यावर मॅडमनी विणलेला क्रोशाचा रुमाल.
समिती आली त्या दिवशी रुमाल निघाला.
समिती गेली, रुमाल परत.
मी एकदा हळूच झाकण उचलून पाहिलं होतं:
आत शहाण्णव खड्डे, लखलखीत,
एकाचाही कधी कशाला स्पर्श झालेला नाही.

आई बियाण्याच्या प्लॉटवर भेसळ काढायला जाते.
उन्हाळी धान निसवला की रोज सकाळी सातला.
बांधावरूनच सांगते, थो पाय, थो परका.
मला सगळ्या लोंब्या बहिणी-बहिणी वाटतात.
ती चिखलात उतरते, मुळासकट उपटते,
माझ्या हातावर ठेवते: कुसळ पाय, लाल आहे.
"तुया पुस्तकात नाई काय?"
आहे.
पण पुस्तकात ते कोणीतरी आधीच उपटून ठेवलेलं असतं.

मग मी फोन लावले. कॅनॉलच्या पाळीवर,
जिथे दोन दांड्या रेंज येते.
पहिल्या ठिकाणी म्हणाले, वेबसाइट पाहा.
दुसऱ्या ठिकाणी सनई वाजली, बराच वेळ, मग तीही थांबली.
तिसऱ्या ठिकाणी जो माणूस बोलला तो म्हणाला,
साहेब जेवायला गेले, मी इथे भांडी धुतो. काचेची.
वहीत लिहून नेलं होतं: फी, जागा, नोकरी, शिष्यवृत्ती.
वही मांडीवर उघडीच राहिली.
मी विचारलं, काका, किती फुटतात?

पलीकडे नळ वाहत होता. त्याने तो बंद केला.
"फुटतात की. लय फुटतात.
नवीन पोरं आली की आषाढ-श्रावण नुसता झाडू हातात.
रात्री अकराला येऊन पाहा, कोणीतरी असतंच,
चुकलं म्हणून परत करत बसलेलं.
मग हात बसतो. फुटणं कमी होतं.
तेवढ्यात पास होतात, जातात, पुढची येतात.
काहो, तुम्ही भांड्यांच्या कंपनीतून बोलता काय?"

घरी येऊन रिकाम्या जागी लिहिलं: फुटते.
आईने वाचलं. काही बोलली नाही.

पसंतीक्रम भरायला सिंदेवाहीला गेले.
तिसरं नाव बोटाने ओढून वर नेलं;
एवढंसं काम, पण दोनदा खाली घसरलं.
ओटीपी आईच्या फोनवर.
फोन आईच्या कनवटीला, आई गुडघाभर धानात,
आणि माझ्याकडे दहा मिनिटं.
"सहा," आई म्हणाली. "यक. परत सहा. थांब, चिखल लागला."
शेवटचा आकडा तीन की आठ, तिलाही कळेना.
मी तीन टाकला. लाल अक्षरं आली.
केंद्रातला पोरगा म्हणाला, ताई, मागे लाइन आहे.
आठ टाकला.

"झालं काय?" आई फोनवरच होती.
झालं.
"कोनतं?"
तिसरं.
"जे रिकामं होतं थे?"
हो.
मग बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज, पाय उचलल्याचा,
आणि दूर कोणाला तरी तिची हाक,
अगं, तुयाजवळून गेला थो, डाव्या हाताले पाय.

सरांना अजून सांगितलेलं नाही.